फ्रोझन पाकीट घरात आणताना : हलालची खूण, फ्रीजरची थंडी आणि कढईचं गणित

मगरिबच्या अजानला पंधरा मिनिटं उरलेली असतात. दस्तरखान अंथरलेला असतो, खजूर मांडून झालेले असतात, मुलं घड्याळाकडे बघत असतात. घरातली बाई मात्र कढईपुढे उभी असते. शेवटचा घाणा काढून ती येईपर्यंत बाकीच्यांचा रोजा सुटलेला असतो. हे चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातलं आहे. म्हणूनच रमजान जवळ आला की मोहल्ल्यातल्या दुकानांत डीप फ्रीजरपुढे गर्दी वाढते. समोसे, कबाब, पराठे, रोल सगळं तयार. पाकीट फोडा, तळा, वाढा.

पण घरात अम्मी, खाला, फुफी यांचे प्रश्न ठरलेले असतात. हे हलाल आहे का? किती दिवसांचं शिळं आहे? आत काय घातलंय कोणास ठाऊक! प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं शोधण्यासाठी आम्ही वेगवेगळ्या प्रकारची सहा पाकिटं घरी आणली. त्यांच्यावरचं लिखाण वाचलं, वजन केलं, शिजवून खाल्लं. त्यातून जे कळलं ते इथे एकत्र मांडत आहोत. कुठल्याही कंपनीची शिफारस किंवा बदनामी करण्याचा हेतू नाही, म्हणून पाकिटांची नावं दिलेली नाहीत.

गोठवल्याने नेमकं काय होतं?

अन्न झटपट गोठवून टिकवण्याची आजची पद्धत अमेरिकेतल्या क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी १९२० च्या दशकात रूढ केली. कॅनडातल्या लॅब्राडोरच्या कडाक्याच्या थंडीत पकडलेली मासळी क्षणात गोठते आणि पुढे शिजवल्यावर ताज्यासारखी लागते, हे त्यांनी तिथल्या इन्युइट लोकांकडून पाहिलं होतं. त्यातलं शास्त्र सोपं आहे. अन्न हळूहळू गोठलं तर त्यातल्या पाण्याचे मोठे स्फटिक होतात आणि ते अन्नाच्या पेशी फाडतात. मग बर्फ वितळताना पाणी सुटतं आणि पदार्थ लिबलिबीत होतो. झटपट गोठवलं तर स्फटिक बारीक राहतात आणि पोत टिकतो. कारखान्यात हे जमतं, घरच्या फ्रीजरमध्ये तितकंसं जमत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत, बहुतेक फक्त झोपी जातात. उणे १८ अंश सेल्सिअसला त्यांची वाढ थांबते, पण पाकीट बाहेर ठेवलं की ते पुन्हा जागे होतात. म्हणून ‘फ्रोझन आहे म्हणजे निर्धोक आहे’ असं समजू नये. कारखान्यापासून तुमच्या तव्यापर्यंत थंडी तुटली नाही, तरच ते अन्न चांगलं. थंडीची ही साखळी सांभाळण्याचं शेवटचं काम आपल्या हातात असतं.

आधी वाचायचं, मग टोपलीत टाकायचं

पाकिटावर सर्वात आधी चौकोनातली खूण बघा. हिरव्या चौकोनात हिरवा गोल म्हणजे शाकाहारी. तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. पूर्वी तिथेही गोलच असायचा, पण रंग ओळखता न येणाऱ्यांची अडचण लक्षात घेऊन नव्या नियमांत त्रिकोण आला.

आपल्या दृष्टीने या खुणांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. भारतीय नियमांनुसार दूध, दुधाचे पदार्थ, मध असे मोजके अपवाद वगळता प्राण्यापासून आलेला कुठलाही घटक असेल, अगदी अंडं किंवा जिलेटिन असेल, तरी मांसाहारी खूण द्यावीच लागते. म्हणजे हिरव्या खुणेच्या पाकिटात कुठल्याही जनावराची चरबी असता कामा नये. तिथे फक्त मद्यार्काचा वगैरे प्रश्न उरतो, आणि त्यासाठी घटकांची यादी वाचावी लागते.

तपकिरी त्रिकोण मात्र एवढंच सांगतो की आत प्राण्याचा घटक आहे. जनावर कसं जिबह झालं याबद्दल तो काहीच सांगत नाही. हलालची खूण सरकारी नसते, ती वेगळ्या संस्था देतात. आपल्याकडे जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट, हलाल इंडिया, जमियत उलमा-ए-महाराष्ट्रची हलाल कमिटी अशी नावं पाकिटावर दिसतात. नुसता अरबीत ‘हलाल’ हा शब्द छापलेला असेल आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव नसेल, तर दुकानदाराला विचारा, कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारा. प्रमाणपत्र ठरावीक कारखान्याला आणि ठरावीक मुदतीसाठी मिळतं, म्हणून एकाच कंपनीच्या दोन पाकिटांवर फरक दिसू शकतो. आम्ही आणलेल्या दोन प्रकारच्या कबाबांपैकी एकावर संस्थेचं नाव होतं, दुसऱ्यावर काहीच नव्हतं. दुसरं पाकीट आम्ही शिजवलं नाही, परत केलं.

‘ई ४७१’ ची भीती

आपल्या व्हॉट्सॲप गटांत दरवर्षी एक यादी फिरते. ‘हे नंबर असतील तर त्यात डुकराची चरबी आहे’ असं तिच्यात लिहिलेलं असतं. ४७१ हा त्यातला ठळक नंबर. हा घटक तेल आणि पाणी एकजीव ठेवण्यासाठी वापरतात. तो वनस्पतीच्या तेलापासूनही बनतो आणि प्राण्याच्या चरबीपासूनही. नंबर बघून मूळ कळत नाही, इतकंच त्या यादीतलं खरं. पण भारतात विकल्या जाणाऱ्या हिरव्या खुणेच्या पाकिटात ४७१ असेल, तर नियमाने तो वनस्पतीजन्यच असायला हवा. ३२२ म्हणजे लेसिथिन, ते बहुतेक वेळा सोयाबीनपासून येतं आणि पाकिटावर तसं लिहिलेलंही असतं. १२० हा लाल रंग मात्र कीटकांपासूनच काढतात.

परदेशातून पाहुण्यांनी आणलेल्या पाकिटांवर आपली हिरवी-तपकिरी खूण नसते. तिथे यादी वाचणं आणि हलाल संस्थेचं नाव बघणं, एवढाच मार्ग आहे. यादी पुढे पाठवण्यापेक्षा हातातलं पाकीट वाचलेलं बरं. विनाकारण हलाल वस्तूला हराम ठरवणं हीदेखील चूकच आहे.

मासळीचं काय? मासळीला जिबह करण्याची अट नाही, त्यामुळे साध्या फ्रोझन मासळीबाबत हा प्रश्न येत नाही. मसाला किंवा पिठाचं आवरण लावलेली असेल तर यादी वाचा. कोळंबीबद्दल हनफी उलमांमध्ये मतभेद आहेत, शाफई मसलकात ती चालते. आपले कोकणी मुस्लिम बहुतांशी शाफई असल्याने कोकणात कोळंबी घरोघरी असते. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावं.

याशिवाय तीन गोष्टी बघाव्यात. एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, जो ‘फॉसकॉस’ या सरकारी संकेतस्थळावर टाकून उत्पादकाची माहिती तपासता येते. दुसरी, उत्पादनाची तारीख आणि मुदत. तिसरी, ‘शिजवून खा’ की ‘गरम करून खा’ ही सूचना. या दोन सूचनांमधला फरक पुढे सांगतो.

दुकानातून घरापर्यंत

पाकीट हातात घेऊन हलवून बघा. मटार सुटे खळखळले पाहिजेत. सगळ्यांचा मिळून एक दगड झाला असेल, तर ते पाकीट मध्येच वितळून पुन्हा गोठलेलं असण्याची शक्यता मोठी. आत बर्फाचा भुगा जास्त असेल, समोसे एकमेकांना चिकटून चपटे झाले असतील, तर घेऊ नका. दुकानदार रात्री फ्रीजर बंद ठेवतो अशी शंका असेल, तर दुकानच बदला.

फ्रोझन वस्तू सर्वात शेवटी उचला आणि थेट घरी या. मध्ये नातेवाइकांकडे चहा घेत बसू नका. मार्च-एप्रिलच्या उन्हात रिक्षाने अर्धा तास लागत असेल, तर वर्तमानपत्रात गुंडाळून जाड पिशवीत ठेवा. सगळी पाकिटं एकत्र बांधली की ती एकमेकांना थंड ठेवतात.

आपला फ्रीजर किती थंड?

इथे बहुतेक घरांत फसगत होते. पाकिटावर ‘उणे १८ अंशाला सहा महिने’ असं लिहिलेलं असतं, पण आपल्या एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा बहुधा तितका थंड होत नाही. फ्रीजरच्या कप्प्यावर काही वेळा चांदण्या छापलेल्या असतात. एक चांदणी म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८ अंश. वीजबचतीचे स्टार वेगळे, त्यांच्याशी याची गल्लत करू नका. चांदण्या दिसत नसतील किंवा तीनपेक्षा कमी असतील, तर पाकिटावरची मुदत तुमच्यासाठी नाही. एक-दोन आठवड्यांत संपेल एवढंच आणा. सबंध रमजानचा साठा शाबानमध्येच भरून ठेवण्याचा मोह अशा फ्रिजला झेपणारा नाही.

वीज जाण्याचाही विचार हवा. दार न उघडता ठेवलं, तर गच्च भरलेला फ्रीजर सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला सुमारे २४ तास. हा हिशेब स्वतंत्र दाराच्या चांगल्या फ्रीजरचा आहे. छोट्या कप्प्यात वेळ बराच कमी मिळतो. गावाला जाताना एक सोपी युक्ती करा. वाटीत पाणी गोठवा, वर एक नाणं ठेवा आणि वाटी फ्रीजरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. ते तळाशी गेलं असेल, तर आपल्यामागे बर्फ पूर्ण वितळून पुन्हा गोठला आहे. तेव्हा मांस, मासळी टाकून द्यायची. इस्राफ होतो म्हणून जीव तुटतो, पण ते घरच्यांना खाऊ घालण्यापेक्षा टाकणं बरं.

घरी करून पाहिलं

मटार : हे सगळ्यात सोपं पाकीट निघालं. मटार गोठवण्याआधी थोडा वेळ गरम पाण्यातून काढतात, त्यामुळे रंग टिकतो आणि दाणा निम्मा शिजलेला असतो. खिमा-मटारात तो शेवटच्या पाच मिनिटांत टाका. सुरुवातीपासून शिजवला की गाळ होतो. मात्र सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो. त्या वेळी बाजारात ताजा मटार असेल, तर तोच घ्या. पाकिटाची खरी गरज पावसाळ्यात असते.

पराठा : थरांचा मलबारी पराठा सहरीला खरंच उपयोगी पडला. तो वितळू द्यायचा नाही, फ्रीजरमधून थेट मध्यम आचेच्या तव्यावर टाकायचा. वितळला की प्लास्टिकला चिकटतो आणि थर मोडतात. बहुतेक पराठ्यांत आधीच तेल किंवा वनस्पती चरबी असते, वरून आणखी तेलाची गरज पडत नाही. या पराठ्याने सरकारी कागदांतही बराच गोंधळ घातला होता. २०२० मध्ये कर्नाटकातल्या जीएसटी प्राधिकरणाने पराठा म्हणजे रोटी नव्हे असं ठरवून त्यावर १८ टक्के कर सांगितला होता, तर रोटीवर ५ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोटी आणि पराठा दोन्हींवरचा कर शून्य झाला. तेव्हा बिल बघून घ्यायला हरकत नाही.

व्हेज समोसा : इथे पहिल्या दिवशी आमचं चुकलं. इफ्तारची घाई म्हणून डझनभर समोसे एकदम कढईत सोडले. थंड समोशांनी तेल निवलं, त्यांनी तेल पिऊन घेतलं, बाहेरून लाल झाले आणि आतला बटाटा गार राहिला. दुसऱ्या दिवशी चार-चारचे घाणे मध्यम आचेवर तळले, तेव्हा जमले. वर चिकटलेला बर्फ झटकूनच तेलात सोडा, नाहीतर तेल उडतं. मुलांना लांब ठेवा.

चिकन सीख कबाब : इथे सर्वात जास्त सावधपणा हवा. काही पाकिटांतला कबाब पूर्ण शिजवून गोठवलेला असतो, काहींतला फक्त बाहेरून परतलेला. दिसायला दोन्ही सारखेच. ‘शिजवून खा’ असं लिहिलं असेल तर तो आतून कच्चा आहे असं समजा. चिकन आतपर्यंत ७५ अंशाला पोचलं पाहिजे. थर्मामीटर नसेल तर एक कबाब मोडून बघा. मधोमध वाफ निघाली पाहिजे, गुलाबी छटा नको, सुटणारं पाणी स्वच्छ हवं. पाकिटावर आधी वितळवायला सांगितलं असेल, तर सहरीनंतर खोलगट भांड्यात काढून फ्रिजच्या खालच्या फळीवर ठेवा, संध्याकाळपर्यंत तयार होतो. ओट्यावर ठेवू नका. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात आणि आपलं स्वयंपाकघर वर्षभर त्याच पट्ट्यात असतं. एकदा वितळलेलं कच्चं मांस पुन्हा गोठवू नका. चव म्हणाल, तर मसाला बरा होता, पण मोहल्ल्यातल्या कोळशावरच्या कबाबाची सर नाही.

कोळंबी : ५०० ग्रॅमचं पाकीट आणलं. बर्फ उतरवून वजन केलं तर ४०० ग्रॅमच्या आसपास भरलं. कोळंबी सुकू नये म्हणून तिच्यावर पाण्याचा पातळ थर गोठवतात, ते योग्यच आहे. पण आपण पैसे कोळंबीचे देतो, बर्फाचे नाही. पाकिटावरचं निव्वळ वजन बर्फ वगळून दिलं आहे का ते वाचा आणि एकदा तरी घरी तोलून बघा.

समोसा पट्टी : आमच्या मते सगळ्यात शहाणी खरेदी ही. यादीत मैदा, मीठ, तेल, पाणी एवढंच. खिमा आपल्या ओळखीच्या कसाबाकडचा, मसाला अम्मीच्या हातचा, लाटण्याचं कष्टाचं काम तेवढं वाचतं. पट्ट्या फ्रीजरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, मऊ झाल्यावर ओल्या फडक्याखाली ठेवून एकेक सुटी करा. खिमा पूर्ण शिजवून, गार करून भरा. भरलेले समोसे ताटात सुटे गोठवा आणि मग डब्यात भरा, म्हणजे चिकटत नाहीत.

मीठ आणि तहान

तयार कबाब, नगेट्स, रोल यांत मीठ भरपूर असतं. पाकिटामागच्या तक्त्यात ‘सोडियम’ बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं, म्हणजे साधारण एक चमचा मीठ. १०० ग्रॅम कबाबात ६०० मिलिग्रॅम असेल, तर बसल्या बैठकीला जवळपास एक तृतीयांश वाटा संपतो. असे पदार्थ सहरीला खाल्ले की दिवसभर तहान लागते. घरात रक्तदाबाचे रुग्ण असतील तर हे पाकीट रोजचं करू नका.

मोहल्ल्यातल्या भगिनींचा माल

रमजानच्या आधी अनेक भगिनी घरी समोसे, रोल, शामी कबाब बनवून विकतात. हलालबद्दल मन निश्चिंत, चव घरची आणि चार पैसे गरजू घरात जातात. त्यांच्याकडून जरूर घ्या. मात्र माल गोठलेलाच हातात येतोय का आणि त्यावर बनवल्याची तारीख आहे का, हे त्यांनाही विचारा. या कामासाठी छोट्या घरगुती उत्पादकांनाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. ती करून घेतलेली असेल, तर त्यांनाही दुकानांत माल ठेवताना सोपं जातं.

पाकीट खराब निघालं, तर फोटो काढा, बिल आणि पाकीट जपून ठेवा. ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या ॲपवर, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

वेळ खरंच वाचतो का?

शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. घरातल्या बाईला मगरिबच्या वेळी दस्तरखानावर बसता यावं, म्हणून आपण ही पाकिटं आणतो. आम्ही वेळ मोजला. समोशांचं सारण, कणीक, भरणं मिळून दीड-दोन तास वाचले. पण ते सगळे दुपारचे. अजानच्या आधीची ती पंधरा मिनिटं होती तशीच राहिली, कारण तळायचं तेव्हाच असतं. पाकीट बदललं, कढईपुढचं माणूस तेच राहिलं.

मग आम्ही एक केलं. पाकिटाच्या पाठीमागे सगळं लिहिलेलं असतं, किती वेळ, कोणती आच, एका वेळी किती. ते वाचता येणाऱ्या कुणालाही समोसे तळता येतात. त्या दिवशी घरातल्या थोरल्या मुलाने झारा हातात घेतला. पहिला घाणा थोडा करपला, दुसरा चांगला उतरला. आणि अजान झाली तेव्हा अम्मीच्या हातात खजूर होता.